पाच मिलिग्रॅमचं भांडण

ताई, तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले. मंडळाने शोकसभा घेतली. एकेक जण उठून बोलला. कोणी म्हणालं तुम्ही फार शांत होतात, कोणी म्हणालं तुमचा आवाज कधी चढला नाही. मी शेवटच्या रांगेत बसून ऐकत होतो आणि तुमच्या नागपुरी भाषेत मनातल्या मनात विचारत होतो, हे लोक कोणाबद्दल बोलून राहिले?

माझ्याशी तर तुम्ही एकोणीस वर्षं भांडलात. सूत्रसंचालकाने दोनदा माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली. चौदा महिने ज्याने तुमच्याशी बोलणं टाकलं होतं, त्याने माइकसमोर जाऊन काय सांगायचं? आता मंडळाच्या अंकासाठी लिहा म्हणून मागे लागलेत, तर लिहितो. पण लोकांना तुमच्याबद्दल सांगायला नाही. तुमच्याशीच बोलायचं राहिलंय.

आपली पहिली गाठही भांडणातच पडली होती. इथे ओहायोतल्या डब्लिनमध्ये तेव्हा तुमचा दवाखाना जोरात चालायचा. मी चुलतभावाच्या बेसमेंटमध्ये राहून, दुसऱ्याच्या गोदामात खोकी उचलून नुकताच स्वतःचा धंदा काढला होता. दवाखान्यांना हातमोजे, कापूस, चादरी पुरवायच्या. व्हॅन मीच चालवायचो आणि माल मीच उतरवायचो. तुम्ही माझ्यासमोर खोकं फोडलंत, एक मोजा माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "घालून दाखव."

मी घातला. अंगठ्याशी टर्रकन फाटला.

"ओढून घातला की फाटणारच," मी म्हटलं.

"बाळ खाली येऊन राहिलंय आणि मी फुंकर मारून हळूहळू मोजे घालू का?"

मी अर्धा तास हुज्जत घातली. शेवटी सगळा माल परत नेला आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कंपनीचा आणला. तेव्हा तुम्ही चहा पाजलात. गाव विचारलंत. कराड म्हटल्यावर खूश झालात. मग विचारलंत, "शिक्षण किती रे?"

"बारावी. नापास नाही झालो, सोडली."

तुमच्या विचारण्यात खोट नव्हती, हे आज कळतं. तेव्हा मात्र ते आत जाऊन बसलं. पुढे आपलं कशावरही वाजलं की मला वाटायचं, ही बाई मनात माझी बारावी धरून बोलते आहे.

तुम्ही दवाखाना बंद केलात आणि पहिल्यांदा आफ्रिकेत मलावीला जाऊन आलात, तो रविवार मला आठवतो. मी आणि मीना भेटायला आलो होतो. वाटलं, फोटो बघू, चिवडा खाऊ आणि निघू. तुम्ही फोटो दाखवलेच नाहीत. समोर बसवून शिकवायला लागलात.

"गरोदरपणातला मलेरिया वेगळा असतो, दिनकर. ते जंतू रक्तातून वारेत, म्हणजे प्लासेंटात, जाऊन दडून बसतात. बाईला कधी हुडहुडी भरते, कधी साधा तापसुद्धा येत नाही. ती शेतात जाते, पाणी भरते, लाकडं आणते. आतमध्ये बाळाचं जेवण कमी कमी होत जातं. आईचं रक्त कमी होतं. पहिलटकरणींना तर सगळ्यात जास्त. मग बाळ जन्मतं ते इतकंसं."

तुम्ही दोन्ही तळवे जवळ आणून दाखवलेत. आयुष्यभर बाळंतपणं केलेल्या बाईचे ते हात बघून मीनाने चिवड्याची वाटी खाली ठेवली.

"मग औषध नाही का?" मी विचारलं.

"आहे ना. तेच तर. बाई पहिल्यांदा तपासायला आली की तिला औषध लावलेली मच्छरदाणी द्यायची. चौथ्या महिन्यापासून दर महिन्याला तीन गोळ्या, एकदम, नर्सच्या समोर गिळायच्या. आजार दिसो न दिसो. बास."

"समोर कशाला? घरी नेऊन घेतील की."

"घरी नेली की राहते. तुझी मीना घ्यायची का लोहाच्या गोळ्या?"

"रोज. माझ्यासमोर."

"कुंडीत टाकायचे मी," मीना म्हणाली. आमच्या लग्नाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती. मला हे पहिल्यांदाच कळत होतं. तुम्ही दोघी जे हसलात, ते हसू मला अजून ऐकू येतं.

मग तुम्ही मुद्द्यावर आलात. तिथे तुम्ही ज्या आरोग्य केंद्रात काम केलंत त्यात गोळ्या होत्या, पण त्या गिळायला पाणी नव्हतं. हापसा लांब, भांडं एकही नाही. दोन-दोन तास चालत आलेल्या बायकांच्या हातात नर्स गोळ्या ठेवायची आणि सांगायची, घरी जाऊन घ्या. "मला नळ बसवलेला मोठा ड्रम पाहिजे आणि पेले पाहिजेत," तुम्ही म्हणालात. "तू घासाघीस करतोस ना? कर."

मी ओहायोतल्या तीन घाऊक व्यापाऱ्यांना एकमेकांविरुद्ध भिडवलं आणि कागदी पेल्यांची इतकी खोकी काढली, की तुमच्या गॅरेजमध्ये गाडी मावेना. फोनवर तिथली मुख्य नर्स ग्रेस गोड आवाजात म्हणाली, "मिस्टर दिनकर, थँक यू. पण आम्हाला धुऊन वापरता येतील असे दहा पेले हवे होते." मी चिडलो. तुम्ही मात्र त्या दिवसापासून मला मंडळात 'आमचे पेलेवाले' म्हणायला लागलात. मी वरवर रागवायचो.

त्यानंतरची ती दर शनिवारची सकाळ, ताई. तुमचं स्वयंपाकघर, ओट्याला टेकवलेला फोन, पलीकडे दुपार झालेली ग्रेस. किती बायका पहिल्यांदा आल्या, किती जणी तिसऱ्या खेपेला परत आल्या, मच्छरदाण्या किती उरल्या. बायका उशिरा येतात म्हणून मी एकदा वैतागलो. तुम्ही म्हणालात, "तिथे पोट दिसेपर्यंत कोणाला सांगत नाहीत. मीनाच्या वेळी तुम्ही तरी मला तिसरा महिना सरल्यावरच सांगितलंत ना?" मी पोहे खात ऐकायचो आणि मधेच किमतीवरून टोकायचो. तुम्ही म्हणायचात, "थांब रे, आधी बाई, मग भाव." माझ्या धंद्यात मी कोणाचं ऐकून घेत नाही. तुमच्या ओट्यापाशी मात्र घ्यायचो. माझ्या आठवड्यातली तेवढीच एक वेळ अशी होती, की कोणावर मात करायची नसायची. म्हणजे तुमच्याशिवाय कोणावर.

एकदा तुम्ही मलाही घेऊन गेलात. लाल मातीचा रस्ता, आंब्याची झाडं, केंद्राबाहेर बाकांवर आणि जमिनीवर बसलेल्या बायका. तुम्हाला बघून सगळ्या "आगोगो, आगोगो" म्हणत उठल्या. आगोगो म्हणजे आजी, हे ग्रेसने मला सांगितलं. तुमचा चेहरा तेव्हा असा झाला होता की मी फोटो काढला नाही. काढायला हवा होता.

तिसऱ्या दिवशी एका पोरीला सायकलच्या कॅरियरवर बसवून आणलं. सहावा महिना, पहिली खेप. आधी एकदाही तपासायला आलेली नव्हती. मान टाकलेली, डोळे अर्धे उघडे, हाक मारली तरी ओ नाही. ग्रेसने बोटातून रक्त घेऊन पट्टीवर चाचणी केली. तुम्ही मलेरियाचं इंजेक्शन दिलंत, शिरेतून साखरेचं पाणी लावलंत. म्हणालात, हिला जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायलाच हवं, रक्त लागेल. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या फेरीवर होती. कोपऱ्यावर एक मिनिबस उभी होती. तिकडे सगळ्या सीटा भरल्याशिवाय बस हलत नाही. ड्रायव्हर म्हणाला, रिकाम्या सीटांचे पैसे द्या, निघतो.

आणि मी भाव करायला लागलो.

खरं सांगतो, ते मी ठरवून केलं नाही. समोरच्याने आकडा सांगितला की माझं तोंड आपोआप उघडतं. मी मराठीत, इंग्रजीत, हातवाऱ्यांनी त्याच्याशी वाद घालत होतो. तुम्ही त्या पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसमध्ये बसला होतात. सलाइनची बाटली एका हाताने वर धरलेली. तिथून तुम्ही इतक्या जोरात ओरडलात, की झाडाखालच्या बायका दचकल्या.

"दिनकर, बसमध्ये बस."

मी बसलो.

पोरगी वाचली. पुढे बाळही झालं. वजनाने कमी, पण जगलं. ग्रेसने फोटो पाठवला होता. पण आपला वाद तेव्हापासून सुरू झाला तो झालाच. तुमचं म्हणणं, माझ्या घासाघिशीत चार मिनिटं गेली. माझं म्हणणं, मी निमूट पैसे काढून दिले असते, तर तो आपल्याला बावळट समजला असता आणि वाटेत हात दाखवेल त्याला घेत गेला असता. मी भांडलो म्हणून त्याने एकदाही ब्रेक दाबला नाही. हा वाद आपण विमानात घातला, दिवाळीच्या फराळावर घातला, तुमच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला, तुमचे यजमान, आमचे सर, गेलेले असताना, त्यांच्या फोटोसमोर घातला. मी आजही माघार घेणार नाही.

आता त्या संक्रांतीबद्दल.

भाच्याच्या लग्नाला पुण्याला गेलो होतो. एका ओळखीच्या औषधवाल्याकडे फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांचा मोठा साठा होता. मी अशा भावात उचलला, की तो शेवटी हात जोडायला लागला. गरोदर बाईला फॉलिक द्यायचं हे मलासुद्धा माहीत होतं. आपल्याकडे सगळ्यांच्या बायकांनी त्याच पिवळ्या गोळ्या खाल्ल्यात. परत आल्यावर मी आणि मीनाने मंडळात सुचवलं, यंदाच्या हळदीकुंकवाला वाण लुटायचं नाही, मलावीला पाठवायचं. सगळ्यांनी उचलून धरलं. हॉलमध्ये काळ्या साड्या नेसलेल्या बायका गोल करून बसल्या होत्या. कापडाच्या छोट्या पिशव्यांमध्ये गोळ्यांची पाकिटं घालत होत्या, वर लाल दोरी बांधत होत्या. मागे बॅनर होता. त्यावर माझं नाव होतं. मुद्दाम तुम्हाला आधी सांगितलं नव्हतं. तुम्हाला चकित करायचं होतं.

तुम्ही आलात. मीनाने कुंकू लावलं, तिळगूळ दिला. तुम्ही एक पिशवी उचललीत, चष्मा लावलात, पाकीट उलटं करून वाचलंत.

"पाच मिलिग्रॅम," तुम्ही म्हणालात. मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "या गोळ्या जाणार नाहीत."

मी म्हटलं, "ताई, फॉलिकच आहे."

"फॉलिकच आहे म्हणूनच नाही. तिथे अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षाही कमी द्यायचं असतं. ती मलेरियाची गोळी काय करते? जंतूचं फॉलिक तोडते, त्याला उपाशी मारते. तू पुढच्या दाराने त्याला उपाशी ठेवतोस आणि मागच्या दाराने ताट वाढून राहिलास. बाईला वाटणार, आपण गोळ्या घेतल्या, आपण सुरक्षित आहोत. लेबल वाचलं होतं का तू?"

'वाचलं होतं का तू.' बारावीवाल्याला, साठ बायकांसमोर.

मी पेटलो. म्हटलं, "तुम्ही नागपूरला शिकलात ना? तिथे हीच गोळी देतात. तुम्ही काय दिलंत मग आयुष्यभर?"

तुम्ही उत्तर दिलं नाहीत. खाली सतरंजीवर बसलात आणि एकेका पिशवीची दोरी सोडायला लागलात. थोड्या वेळाने मीना तुमच्याशेजारी बसली आणि तीही सोडायला लागली. माझी स्वतःची बायको. मी बॅनर काढला, गुंडाळला आणि निघून आलो.

तुम्ही दोनदा फोन केलात. मी उचलला नाही. 'चहाला ये' असा मेसेज केलात. मी वाचला, उत्तर दिलं नाही. मीना तुमच्याकडे जातच राहिली. येऊन सांगायची, "तुमचं विचारत होत्या." मी म्हणायचो, "विचारू दे." मला पाहिजे होतं की तुम्ही मंडळात सगळ्यांसमोर म्हणावं, दिनकरशी मी असं बोलायला नको होतं. गोळ्यांबद्दल तुमचं बरोबर होतं, याची मी दुसऱ्याच दिवशी दोन ठिकाणी विचारून खात्री करून घेतली होती. पण बरोबर असणं वेगळं आणि चारचौघांत उतरवणं वेगळं. धंद्यात मी शिकलोय, आधी बोलतो तो हरतो. मी वाट बघत बसलो. आणि तुम्ही एका सकाळी अंघोळीला गेलात त्या बाहेर आलाच नाहीत.

आठव्या दिवशी तुमच्या ऋचाचा फोन आला. तुमची मुलगी तुमच्यासारखीच सरळ मुद्द्यावर येते. "दिनकरकाका, शनिवारचा कॉल मला हँडल नाही होणार. आय डोन्ट नो धिस स्टफ. ग्रेस विचारतेय ऑर्डरचं काय. कॅन यू प्लीज?"

तुमच्या ओट्यापाशी मला बसवेना. घरीच, मीनाला शेजारी घेऊन फोन लावला. ग्रेस आधी रडली. मग आम्ही मच्छरदाण्यांचं बोललो, गोळ्यांचं बोललो. शेवटी ती म्हणाली, "आणि लोह-फॉलिक मागवताना तेवढं बघा. कमी डोसचंच. आगोगोची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच."

"कोणती गोष्ट?"

तिला वाटलं, मी चेष्टा करतोय. मग तिने सांगितलं.

पहिल्या वर्षी तुम्ही नागपूरहून एक सुटकेस भरून गोळ्या नेल्या होत्यात. पाच मिलिग्रॅमच्या. वर्गमैत्रिणीच्या दुकानातून, प्रेमाने. पावसाळाभर, डास सर्वांत जास्त असतात तेव्हा, तुम्ही स्वतःच्या हाताने त्या बायकांना वाटल्यात. त्याच बायका तुमच्यासमोर मलेरियाच्या तीन गोळ्याही गिळत होत्या. जिल्ह्याचा एक तरुण अधिकारी तपासणीला आला आणि त्याने पाकीट उचलून विचारलं, हे कुठून आलं? त्या मोसमात काही बाळं फार लहान जन्मली. गोळ्यांमुळे की आणखी कशाने, हे कोणीही सांगू शकत नव्हतं. तुम्हालाही नाही. आणि तेच तुम्हाला सहन झालं नाही, असं ग्रेस म्हणाली. त्यानंतर नवी नर्स आली की तुम्ही पहिल्या दिवशी तिला हे सांगायचात. 'मी इतकी वर्षं बाळंतपणं केलेली डॉक्टर आहे आणि मी हे केलं. म्हणून लेबल वाचायचं.'

मीनाने माझ्याकडे पाहिलं. मी फोन ठेवला आणि घरातून बाहेर पडलो. हुंदका वगैरे आला नाही, ताई. आधी राग आला. मलावीतल्या काल आलेल्या नर्सला तुम्ही सांगता आणि मला नाही? एकोणीस वर्षं तुमच्या दारी माल उतरवला. त्या हॉलमध्ये माझ्या प्रश्नाला एवढंच उत्तर दिलं असतंत, 'हो दिनकर, मीही हेच केलं होतं,' तर मी तुमच्याशेजारी सतरंजीवर बसून दोऱ्या सोडल्या असत्या.

दोन दिवस मी असाच तुमच्याशी भांडत होतो. तिसऱ्या दिवशी मीना म्हणाली, "त्यांनी सांगितलं असतं, तर तुम्ही काय केलं असतंत?"

"काय म्हणजे? विषय संपला असता."

"खरंच?"

मी विचार केला. खोटं बोलायला समोर तुम्ही नव्हतात. मी ते राखून ठेवलं असतं. पुढे कधी तुम्ही मला कशावरून अडवलं असतंत, तेव्हा नेमकं ते बाहेर काढलं असतं. कोणाची दुखरी जागा कळली की मी ती विसरत नाही, सौद्यात वापरतो. तुम्ही मला चांगलंच ओळखत होतात. ज्या पोरींकडे भाव करायला काही नव्हतं, त्यांना तुम्ही सांगितलंत. मला सांगितलं नाहीत, आणि ती चूक माझी होती. तरी वाटतं, त्या दोन फोनमध्ये कदाचित तेच सांगणार होतात. 'चहाला ये' एवढंच लिहिलंत. ते आता मला कोण सांगणार?

तुमच्यामुळे मला काय मिळालं ते मी कधी म्हटलं नाही. पेलेवाला म्हणालात, तेही मला हवं होतं. माझा माल कोणाच्या तरी घशाखाली पाणी बनून उतरतो, हे मला तुम्ही दाखवलंत. त्याआधी माझ्यासाठी माल म्हणजे आलेला ट्रक आणि गेलेला ट्रक.

काल शनिवार. ग्रेसकडे तीन नव्या नर्सेस आल्यात. एक तर शाळेतल्या मुलीसारखी दिसते. तिघी फोनसमोर दाटीवाटीने बसल्या होत्या. ग्रेस म्हणाली, "इथे आगोगो त्यांची गोष्ट सांगायच्या. आता मी सांगते."

मी म्हटलं, "थांब. माझीही आहे."

आणि सांगितली. माझ्या मोडक्या इंग्रजीत, ग्रेस त्यांच्या भाषेत समजावत होती. हळदीकुंकू काय असतं ते सांगताना घाम फुटला. पुण्याचा औषधवाला, पिशव्या, लाल दोऱ्या. लेबल वाचलं नव्हतं, कारण भाव चांगला मिळाला होता. डॉक्टरीणबाईंनी साठ बायकांसमोर अडवलं. त्यांचं बरोबर होतं, माझं चूक. मी त्यांच्याशी चौदा महिने बोललो नाही. त्या बोलवत होत्या तरी नाही. मीना शेजारी बसून ऐकत होती. मला मधे अडवायची तिला सवय आहे, पण तिने अडवलं नाही.

सर्वांत लहान नर्सने हात वर केला. तिला वाटलं, आपण वर्गात बसलोय. ग्रेसने प्रश्न ऐकला आणि तो मला सांगावा की नाही, असा चेहरा केला.

"सांग," मी म्हटलं.

"ती विचारते आहे, तुम्ही आगोगोंची माफी मागितलीत का?"

मी म्हटलं, "आत्ताच."